आकडा सावलीतला, माणूस उन्हातला

१६ एप्रिल २०२३, रविवार. नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. पुरस्कार अप्पासाहेब धर्माधिकारी यांना मिळणार होता, त्यामुळे राज्यभरातून श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, लाखोंच्या संख्येने जमले होते. कित्येक जण आदल्या रात्रीच येऊन थांबले होते. व्यासपीठावर छत होतं, समोर बसलेल्यांच्या डोक्यावर मोकळं आभाळ. दुपारी एकच्या सुमारास सोहळा आटोपला, तोवर माणसं भोवळून पडायला लागली होती. १४ जण दगावले. शवविच्छेदनातून पुढे आलं की त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात कित्येक तास अन्नाचा कण नव्हता.

जवळच्या हवामान केंद्रावर त्या दिवशीचं कमाल तापमान होतं ३८ अंशांच्या आसपास.

चंद्रपूर, अकोला, जळगावकडच्या माणसाला हा आकडा ऐकून नवल वाटतं. तिकडे ३८ अंश म्हणजे मार्चअखेरची साधी दुपार. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे सरकतो, तरी बाजार भरतात, लग्नं लागतात, बांधकामं चढत राहतात. मग खारघरला ३८ अंशांत एवढी माणसं गेली कशी?

याचं उत्तर शोधायचं तर आधी तो आकडा येतो कुठून ते पाहायला हवं. हवामान खात्याचा तापमापक कधीच उन्हात ठेवलेला नसतो. वेधशाळेच्या आवारात जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर पांढऱ्या रंगाची एक लाकडी पेटी असते. तिच्या चारही बाजूंना तिरक्या फळ्यांच्या झडपा असतात. वारा आत खेळतो, ऊन मात्र आत शिरत नाही. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडमधला दीपगृहं बांधणारा अभियंता, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. सूर्याचे थेट किरण आणि तापलेल्या जमिनीची धग पाऱ्यापर्यंत पोचू नये, निव्वळ हवेचं तापमान मोजलं जावं, हाच त्या पेटीचा हेतू. आता ठिकठिकाणी स्वयंचलित केंद्रं आली आहेत, पण त्यांचाही संवेदक पांढऱ्या आच्छादनाखालीच असतो. शास्त्र म्हणून हे योग्यच आहे. तसं केलं नाही तर एका गावाची तुलना दुसऱ्या गावाशी करताच येणार नाही.

घोटाळा होतो तो पुढे. टीव्हीवर ‘आज ३८ अंश’ असं झळकतं तेव्हा ते सावलीतलं, खेळत्या वाऱ्यातलं तापमान असतं. मैदानात बसलेला माणूस त्या पेटीत बसलेला नसतो.

एप्रिलमधल्या निरभ्र दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याकडून साधारण १००० वॅट ऊर्जा येऊन पडते. स्वस्थ बसलेलं माणसाचं शरीर स्वतः सुमारे १०० वॅट उष्णता तयार करत असतं आणि ती सतत बाहेर टाकावी लागते. उन्हात बसलं की डोकं, खांदे, पाठ, मांड्या यांवर सूर्याची त्याहूनही जास्त भर पडू शकते. खालून तापलेली माती आणि डांबर धग फेकतात. गर्दीत भोवतालची माणसं वारा अडवतात, वर त्यांच्या अंगाची ऊब आहेच. अमेरिकेच्या हवामान सेवेचा एक ढोबळ ठोकताळा आहे: तापमान आणि दमटपणा मिळून जो ‘जाणवणारा’ आकडा काढला जातो, तो सावलीपुरताच खरा, भर उन्हात तो आणखी ८ अंशांपर्यंत वाढू शकतो. खारघरच्या ३८ अंशांकडे या हिशेबाने पाहिलं पाहिजे.

शरीराकडे उष्णता बाहेर टाकायचा हुकमी उपाय एकच, घाम. आणि घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर पाझरलेलं पाणी वाऱ्यावर उडून जातं म्हणून, अंगाचंही तसंच. एक लिटर घाम पुरता वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तोच घाम कपाळावरून, पाठीवरून ओघळून जमिनीवर ठिबकला तर पाणी आणि मीठ मात्र गेलं, गारवा काहीच मिळाला नाही.

अकोल्यात आणि मुंबईत नेमका इथेच फरक पडतो. विदर्भातल्या घराघरांत वाळ्याचे ताटे लावलेला कूलर असतो. ४५ अंशांच्या कोरड्या झळा त्या ओल्या वाळ्यातून आत आल्या की खोली निवते. हाच कूलर दादरला किंवा रत्नागिरीला लावला तर खोलीत नुसता दमटपणा कोंडतो. हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी पाणी उडायला जागाच उरत नाही. हे मोजायची पद्धत सोपी आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून वारा घालायचा आणि पारा किती उतरतो ते पाहायचं. अकोल्यात ४५ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असेल तर हे ‘ओलं’ तापमान साधारण २१-२२ अंशांपर्यंत खाली येतं. मुंबईत ३५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर ते २९च्या वरच राहतं. म्हणजे पारा दहा अंशांनी कमी असूनही मुंबईत घामाला काम करायला फारच थोडा वाव राहतो.

ओलं तापमान ३५ अंशांवर गेलं तर धडधाकट माणूसही सावलीत, अंगभर पाणी ओतून घेऊनसुद्धा फार काळ तगू शकणार नाही, असं २०१० साली शेरवूड आणि ह्यूबर या शास्त्रज्ञांनी गणिताने मांडलं. पुढे २०२२ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. दमट हवेत त्यांच्या शरीराचा तोल ओलं तापमान ३१ अंशांच्या आसपास असतानाच सुटू लागला. साठी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसाची मर्यादा याच्याही अलीकडे असणार, हे उघड आहे.

याचा अर्थ विदर्भातला उन्हाळा सुरक्षित असतो असा मुळीच नाही. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा ४५ची झाली की ती शरीराकडून उष्णता घेत नाही, उलट देते. घाम इतक्या झटकन वाळतो की किती पाणी गेलं याचा अंदाजच येत नाही. कोकणात घाम हरतो, विदर्भात तो पुरा पडत नाही. मरण दोन्हीकडे आहे, फक्त वाट निराळी. नागपूरकडे बाहेर पडताना डोकं, कान आणि तोंड सुती दुपट्ट्याने घट्ट बांधायची पद्धत आहे. परगावच्या माणसाला ते चमत्कारिक वाटतं, पण त्यात पक्कं शहाणपण आहे: दुपट्टा थेट ऊन अडवतो आणि झळा चामडीपर्यंत पोचू देत नाही. विदर्भातल्या शाळाही उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. तिथल्या माणसांनी उन्हाशी जमवून घ्यायच्या रीती पिढ्यान्‌पिढ्या बसवल्या आहेत. नवी मुंबईच्या मैदानात त्यातलं काहीच नव्हतं.

ऊन, दमटपणा आणि वारा या तिघांना एकत्र मोजणारं माप सत्तरएक वर्षांपूर्वीच तयार झालं. अमेरिकेच्या मरीन दलाचे नवशिके जवान पॅरिस आयलंडच्या प्रशिक्षण तळावर उन्हाने आडवे होऊ लागले, तेव्हा १९५०च्या दशकात यॅग्लू आणि मिनार्ड यांनी ते बसवलं. त्यात तीन तापमापक असतात: एक साधा, एक ओल्या कापडाचा, आणि एक काळ्या रंगाच्या पोकळ तांब्याच्या गोळ्यात बसवलेला. तो काळा गोळा उघड्या उन्हात ठेवायचा, म्हणजे माणसाच्या अंगाला लागणारं ऊन त्यालाही लागतं. मग शंभरातले ७० गुण ओल्या तापमानाला, २० काळ्या गोळ्याला आणि फक्त १० साध्या तापमानाला. ज्या आकड्यावर सारं गाव चर्चा करतं, त्याला या हिशेबात दहा टक्के मान आहे! आज जगभर सैन्यदलं, कारखाने आणि खेळाच्या संघटना हे माप वापरतात. आपल्याकडे सभा, शर्यती, मोर्चे, यात्रा यांना परवानगी देताना ते वापरायला अडचण काय आहे, हा प्रश्न जिल्हा प्रशासनांना विचारायला हवा. यंत्र हातात मावतं.

खारघरच्या घटनेनंतर राज्यात उन्हाळाभर दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असं ठरलं. निर्णय चांगला आहे, पण पुरेसा नाही. त्या दिवशीची माणसं सकाळपासून उन्हात होती. शरीरावरचा बोजा बारा वाजायच्या आधीच चढत होता. शिवाय किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेची मर्यादा हवामान खात्याने मुळातच खाली ठेवली आहे. मैदानी भागात ४० अंश, तर किनाऱ्यावर ३७ अंश, आणि सोबत सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांची वाढ. हा फरक खात्याला ठाऊक आहे. कार्यक्रम आखणाऱ्यांना तो ठाऊक असतो का, याची शंका येते.

शरीर तापू लागतं तेव्हा आत काय घडतं? सर्वांत आधी रक्त त्वचेकडे धावतं, म्हणजे आतली उष्णता बाहेर येईल. त्यासाठी हृदयाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त काम करावं लागतं. घामाने पाणी कमी झालेलं असतं, रक्त दाट होत जातं, नाडी जलद पडते. त्वचेला रक्त पुरवायचं म्हणून पोटातल्या अवयवांकडचा पुरवठा आखडला जातो. आतड्याचं अस्तर त्यामुळे कमकुवत होतं आणि एरवी आतच राहणारी जंतूंची विषं रक्तात उतरतात. शरीराच्या गाभ्याचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं, माणूस असंबद्ध बोलू लागला, दिशा चुकू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, की तो उष्माघात. मग यकृत, मूत्रपिंड, स्नायू, रक्त गोठवणारी यंत्रणा, एकेक करून सगळं कोलमडतं. उष्माघातात अंग कोरडं ठणठणीत पडतं, असं बऱ्याच जणांना पक्कं वाटतं. पण उन्हात राबताना कोसळलेल्या माणसाचं अंग घामाने चिंब असू शकतं. घाम येतोय म्हणजे धोका नाही, या समजुतीने जीव गेलेले आहेत.

काही औषधंही या लढाईत शरीराचे हात बांधतात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी कमी करतात, सर्दी-ॲलर्जीची काही औषधं घाम रोखतात, मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी तापमानाचं नियंत्रण बिघडतं. गोळ्या मनाने बंद करू नयेत. उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

तापलेल्या हवेची सवय लागते, पण ती वेळ घेते. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं तर एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलतं: घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. म्हणूनच मे महिन्यातल्या तेवढ्याच उन्हापेक्षा मार्च-एप्रिलचं पहिलं कडक ऊन जास्त घात करतं. अमेरिकेत उघड्यावर काम करताना उष्णतेने जे कामगार मरण पावतात, त्यांच्यातले निम्म्याहून अधिक कामाच्या पहिल्या काही दिवसांतच गेलेले असतात. त्यामुळे तिथे सल्ला दिला जातो की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेतलं काम एक पंचमांशच द्यावं आणि ते रोज तेवढंच वाढवत न्यावं. आपल्याकडे ठेकेदार नव्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाट्या वाहायला लावतो.

एकदम कोसळणारी माणसं निदान बातमीत येतात. रोज थोडी थोडी झिजणारी येत नाहीत. एल साल्व्हाडोर आणि निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या देशांत ऊस तोडणारे तरुण, मधुमेह नाही की रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागले. भर उन्हातली अंगमेहनत आणि रोजरोजचं कमी पडणारं पाणी हे त्यामागचं मोठं कारण असल्याचं संशोधनातून दिसत गेलं. तिथल्या काही मळ्यांत मग पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी नियमाने द्यायला सुरुवात झाली. उसाच्या फडात हलवता येणारा ताडपत्रीचा मांडव, पाठीवर पाण्याची पिशवी, ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती. बीडहून कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड कामगारांचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत लांबतो. फडात आडोसा नाही, शौचाची सोय नाही, म्हणून बायका दिवसभर पाणी टाळतात. साखर कारखान्यांना अवजड यंत्रं परवडतात, तर फडावर एक मांडव आणि एक आडोसा परवडला पाहिजे.

आणि ऊन फक्त बाहेरच लागतं असंही नाही. २०१०च्या मे महिन्यात अहमदाबादमध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. शहराने त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा तयार केला. नागपूरसह अनेक शहरांनी पुढे तोच कित्ता गिरवला. त्याच २०१०च्या उन्हाळ्याचा अभ्यास करताना डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. एका रुग्णालयात प्रसूतीचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबच्या थेट खाली होता. तो खालच्या मजल्यावर आणल्यावर उष्णतेने आजारी पडून अतिदक्षता कक्षात दाखल होणाऱ्या नवजात बाळांचं प्रमाण ठळकपणे घटलं. पत्र्याच्या घरात, गच्चीखालच्या खोलीत दिवसभराचं ऊन साठून राहतं आणि रात्री आत उतरतं. म्हणून अहमदाबादमध्ये छतांना पांढरा चुना आणि परावर्तक रंग लावायची मोहीम निघाली. खर्च थोडा, गुण मोठा.

उन्हातल्या अतिनील किरणांचं नुकसान वेगळ्या चालीने होतं. एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात त्यांचा निर्देशांक दुपारी ११च्या वर जातो, आणि ११पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रेणीत ‘अतितीव्र’ सुरू होतं. सावळ्या त्वचेतलं रंगद्रव्य या किरणांपासून बरंच रक्षण करतं. उष्णतेपासून मात्र अजिबात नाही. डोळ्यांना ते संरक्षण नसतं. शेतात आणि समुद्रावर आयुष्य गेलेल्या माणसांत मोतीबिंदू आणि बुबुळाकडे सरकत जाणारी मांसल वाढ जास्त आढळते. रुंद काठाची टोपी इथे महागड्या मलमाइतकीच कामाला येते.

सावलीचं मोल किती, याचा सर्वांत दुःखद दाखला २०२४च्या हजमध्ये दिसला. मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला. सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले, आणि त्यांतले ८३ टक्के यात्रेकरू परवाना नसलेले होते. परवाना नाही म्हणून त्यांना वातानुकूलित तंबू आणि बस मिळाली नाही. ते उन्हातून लांबलांब चालत राहिले. हवा सगळ्यांना सारखीच होती, निवारा सारखा नव्हता.

उष्माघाताच्या उपचारातली एक महत्त्वाची पायरीही मक्केतच चढली गेली. वायनर आणि खोगाली यांनी सुमारे साडेचार दशकांपूर्वी तिथल्या यात्रेकरूंसाठी एक खास खाट तयार केली. रुग्णाला जाळीवर झोपवायचं, अंगावर गार पाण्याचे बारीक तुषार सोडायचे आणि वरून चक्क गरम वारा घालायचा. वारा गार असता तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसल्या असत्या आणि आतली उष्णता आतच कोंडली असती. गरम वाऱ्याने त्या उघड्या राहतात आणि पाणी भराभर उडतं.

याहून वेगवान उपाय म्हणजे बर्फाच्या पाण्यात बुडवणं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फालमाउथ गावी ऑगस्टमध्ये रस्त्यावरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण आले. जागेवरच बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवल्यामुळे त्यांतला एकही दगावला नाही. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयानेही २०२४ मध्ये असे टब असलेला उष्माघात कक्ष सुरू केला. वैद्यकात याला एक साधा नियम आहे, आधी गार करा, मग हलवा. गाभ्याचं तापमान अर्ध्या तासात ३९च्या खाली आलं तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. त्या अर्ध्या तासात माणूस रिक्षात, वाहतुकीत अडकलेला असेल तर पुढचं मोठं रुग्णालयही फारसं काही करू शकत नाही.

तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेतो आणि पॅरासिटामॉल ते खाली आणतं. उष्माघातात मेंदूने तसं काही केलेलंच नसतं, आणि होरपळलेल्या यकृतावर गोळीचा वाढीव भार मात्र पडतो. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, याला आधार नाही. कांदा खावा, कैरीचं पन्हं प्यावं, मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत प्यावं. त्यातून पाणी, मीठ आणि साखर मिळते. घरी जलसंजीवनी करायची तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तासन्‌तास घाम गाळताना नुसतं पाणीच पोटात घातलं तर रक्तातलं मीठ उतरून वेगळाच धोका उभा राहतो. आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं.

या उन्हाळ्यात उन्हातला कुणी माणूस बरळायला लागला, लटपटला किंवा कोसळला, तर एकाने १०८ला फोन लावावा. त्याच वेळी दुसऱ्याने त्याला सावलीत ओढून कपडे सैल करावेत. बादली, पाइप, पाणपोईचा माठ, जे जवळ असेल त्याने डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहावं आणि पुठ्ठ्याने, पदराने, जमेल तसा वारा घालावा. काखेत, मानेला, जांघेत बर्फ किंवा गार ओली फडकी लावावीत. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी थांबवू नका.